टाकीच्या झाकणातली चकती

आमच्या गल्लीत सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं यावर कधी वाद झाला नाही. आमचा ट्रक उठायचा, आणि मग बाकीच्यांना झोपून राहणं शक्यच नसायचं. पण गेल्या उन्हाळ्यापासून तो उठेनासा झाला. सेल्फ फिरायचा, इंजिन घुर्र घुर्र करायचं, पेटायचं मात्र नाही. समोरच्या बाई खिडकी उघडून विचारायच्या, "झाला का हो चालू?" त्यात काळजी किती आणि टोमणा किती ते देव जाणे. मी आपली टोमणाच धरायची, कारण मला तो परत करता येतो.

पिंप्राळ्यात आमचं घर. पुढच्या खोलीत माझी पिठाची गिरणी, मागे आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासरे. सासऱ्यांना सगळी गल्ली आबा म्हणते, म्हणून मीही आबाच म्हणते. ट्रक त्यांनी घेतलेला. ऑपरेशन होऊनही एका डोळ्याने नीट दिसेना, तेव्हा त्यांनी स्टिअरिंग मुलाकडे दिलं, पण गाडी काही सोडली नाही. रोज सकाळी काच पुसणं, ऑइल बघणं, टायरवर काठी मारून आवाज ऐकणं हे सगळं त्यांचंच. नवऱ्याने फक्त चढायचं आणि निघायचं. जळगावातून सरकी भरायची, धुळ्याच्या तेलगिरणीत उतरवायची, येताना मिळेल तो माल आणायचा. कापसाचा सीझन असला की जामनेरकडच्या फेऱ्या. असं आमचं बरं चाललं होतं.

एका संध्याकाळी नवरा धुळ्याहून आला आणि हातपाय न धुताच ओट्यावर बसला. पारोळ्याच्या पुढे पुलाच्या चढावर भरली गाडी बंद पडली होती. मागे रांग लागली. कुणीतरी कारमधून उतरून, त्याच्या निम्म्या वयाचा असेल, त्याला नको नको ते बोलला. नवऱ्याने हे सगळं दोन वाक्यांत सांगितलं आणि तिसऱ्या वाक्यात म्हणाला, "दिवाळी व्हयनी का मी सुरतले जास."

सुरतेत त्याचा एक मित्र कंपनीची गाडी चालवतो. नवी गाडी, ठरलेला पगार. जागा आहे, ये, असं तो कधीपासून म्हणत होता.

"आणि ट्रक?" मी विचारलं.

"हाई डबडं भंगारमा देवानं."

आबा आत जेवायला बसले होते. त्यांचा घास हातात राहिला. ते एवढंच म्हणाले, "गाडी जुनी शे, पन मरेल नही."

मला आबांचं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर जास्त वाईट माझं मला वाटलं. आमच्या गल्लीतून सुरतेला गेलेले नवरे मी बघत आले आहे. होळीला येतात, दिवाळीला येतात, पाहुण्यासारखे बसतात आणि पाणी मागतात. मला तसा नवरा नको होता. मला हा घरात हवा होता, घामेजलेला, चिडलेला, भाजीत मीठ कमी म्हणणारा. हे त्याला तोंडावर सांगायचं तर ते मला जमेना. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असलं काही बोलायचं म्हणजे जीभ अडकते. म्हणून मी म्हटलं, "गाडीला काय झालंय ते मी शोधून काढते."

तो हसला. "तू? तुन्ही गिरनी सांभाळ."

त्याने हसायला नको होतं. मी एकदा ठरवलं की ठरवलं, हे माझ्या माहेरी असोद्यात सगळ्यांना माहीत आहे. आईने तर लग्नाच्या वेळी त्याला तशी सूचनाही दिली होती.

तोवर गाडीचं सगळं करून झालं होतं. नवी बॅटरी घातली होती, सेल्फ खोलून दुरुस्त केला होता, डिझेलचे फिल्टर बदलले होते. मिस्त्री चांगला माणूस, पण त्याच्याकडे गाड्यांची रांग. तो म्हणाला, आता इंजिनात डिझेल सोडणारा पंप आणि नोझल खोलून पंप दुरुस्तीवाल्याकडे द्यावे लागतील, त्याशिवाय सांगता येत नाही. जुन्या डिझेल गाडीचा पंप खोलायचा म्हणजे केवढं काम असतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्याने तिथेच हात झटकले होते.

माझं इंजिनाचं ज्ञान शून्य. पण गिरणी मी बरीच वर्षं चालवते. गिरणीत पीठ जाड येऊ लागलं की नवखा माणूस घाबरून सगळंच हलवतो. दगड घट्ट करतो, पट्टा ओढतो, धान्य कमी सोडतो, आणि मग पीठ बारीक आलं तरी कशामुळे आलं ते त्याला कळत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी एका वेळी एकच गोष्ट हलवते आणि चिमटीत पीठ घेऊन बघते. ट्रकच्या बाबतीत नेमकं उलटं चाललं होतं. गाडी अडली की नवरा, आबा आणि येणारा-जाणारा असे सगळे मिळून सगळंच करायचे. गाडी कधीतरी चालू व्हायची आणि प्रत्येकाला वाटायचं, आपल्यामुळे झाली.

तर मी सकाळच्या दुखण्यापासून सुरुवात केली. नवरा सेल्फ मारत असताना मी मागे सायलेन्सरपाशी उभी राहिले. इंजिन चांगलं गरागरा फिरत होतं, म्हणजे बॅटरी आणि सेल्फ यांची काही चूक नव्हती. पण सायलेन्सरमधून धूर म्हणून निघत नव्हता. ना पांढरा, ना काळा. मी आबांना विचारलं, चूल पेटली नाही तर धूर तरी होतो, इथे तेवढाही नाही, असं का? आबांनी वाकून सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला. मग म्हणाले, "डिझेलच पोचत नही."

मिस्त्रीही तेच म्हणाला होता, गाडी एअर धरते म्हणून. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिनाला डिझेल मिळत नाही. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, इंजिनाजवळचा छोटा हातपंप दाबत राहायचं, आधी फेस येतो, मग स्वच्छ डिझेल येतं, की स्क्रू आवळायचा. नवरा रोज सकाळी हे करायचा. पण हवा शिरते कुठून, ते कुणाला सापडत नव्हतं.

आमच्याकडे जुन्या गाडीवाल्यांची एक रीत आहे. सेल्फचा भरवसा नसला की गाडी उतारावर लावायची, तोंड खाली करून. सकाळी ब्रेक सोडला, गिअर टाकला की गाडी आपोआप चालू. नवरासुद्धा शक्य तेव्हा गल्लीच्या टोकाला, नाल्याकडच्या उतारावर ट्रक लावायचा. तिथे जागा मिळाली तर सकाळ सुखाची, नाही मिळाली तर कण्हणं आलंच. मी एक दिवस हट्ट धरला. म्हटलं, गाडी उतारावर आहे ना, राहू द्या. पण ब्रेक सोडू नका. जागेवरच सेल्फ मारा.

"कशाले?"

"मारून तर बघा."

त्याने माझ्यावर उपकार केल्यासारखा सेल्फ मारला. गाडी एका फटक्यात चालू झाली.

नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. इतके महिने आम्ही समजत होतो की गाडी घरंगळल्यामुळे चालू होते. घरंगळण्याचा काही संबंधच नव्हता. नुसतं तोंड खाली करून उभी असली की तिला पुरत होतं. मी घरी येऊन ओट्यावर बसून विचार केला. टाकी मागे, इंजिन पुढे. तोंड खाली म्हणजे टाकी वर. गच्चीवर पाण्याची टाकी आणि खाली नळ, तसं. सपाट जागी टाकी इंजिनाहून खाली राहते, मग नळीतलं डिझेल रात्रीतून मागे सरकतं आणि त्याच्या जागी हवा येते. नळीला कुठेतरी बारीक छिद्र आहे. सपाट जागी तिथून हवा आत जाणार, आणि उतारावर तिथूनच डिझेल बाहेर झिरपणार.

झिरपणारं दिसत का नव्हतं? कारण खालची सगळी नळी धूळ आणि तेलाने काळी झालेली. तिथे डिझेलचा एक थेंब काय दिसणार? नवऱ्याने नळी चिंधीने पुसून कोरडी केली आणि मी गिरणीतलं झाडलेलं पीठ आणून सगळ्या नळीवर, जोडांवर, क्लिपांवर चोपडलं. आबा शेजारी बसून म्हणाले, "गाडीन्या भाकरी थापी ऱ्हायनी का माय?" मी म्हटलं, थापते, आणि तुमच्या लेकाला खायला घालते.

सकाळी गाडी उतारावरच होती. खाली टॉर्च धरून बघितलं तर सगळी नळी पांढरी आणि एका ठिकाणी, गाडीच्या खालच्या सांगाड्याला, चासीला, वळसा घालून जाते तिथे क्लिपखाली, पीठ ओलं होऊन पिवळं पडलेलं. रबरी नळी क्लिपखाली चिरली होती. वरून बघून ती चीर कधीच दिसली नसती. नवऱ्याने तेवढा तुकडा बदलला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम घरासमोर सपाट जागेवर गाडी लावली. सकाळी ती पहिल्या सेल्फला उठली.

मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी पहिल्या गिऱ्हाइकाचं दळण फुकट दळून दिलं. नवऱ्याने मात्र त्यावर पाणी ओतलं. "सकायनं गयं. रस्तावरनं काय?"

त्याचं बरोबर होतं. गाडी सकाळी चालू न होणं हा त्रास होता. भर रस्त्यात बंद पडणं ही भीती होती, आणि सुरत त्या भीतीतून आली होती. पुढच्या फेरीतही गाडी वाटेत बंद पडली. त्याने घरी येऊन मित्राला फोन लावला आणि कागदपत्रं काय काय लागतील ते विचारलं. मी भाकरी थापत ऐकत होते.

पुढच्या धुळ्याच्या फेरीला मी गिरणीला कुलूप लावलं आणि सरळ केबिनमध्ये जाऊन बसले. नवरा म्हणाला, गिऱ्हाइकं ओरडतील. मी म्हटलं, ओरडू देत, एक दिवस जाड पीठ खातील. माझी एकच अट होती. गाडी बंद पडली की मी सांगेन तेच करायचं आणि एका वेळी एकच. निघण्याआधी टाकी पूर्ण भरून घ्यायला लावली, कारण टाकी भरली की गाडी लवकर बंद पडते असं तोच एकदा म्हणाला होता. त्याला डिझेलमध्ये भेसळ असल्याचा संशय होता. मी त्याच्या संशयावर विश्वास ठेवला नाही, पण त्याने सांगितलेली गोष्ट लक्षात ठेवली होती.

मागे सरकीची पोती. सरकीला कापसाचे तंतू चिकटलेले असतात, ते पोत्यांतून निघतात आणि गाडीभर उडत राहतात. माझ्या केसांत, पदरावर, नवऱ्याच्या भुवयांवर सगळीकडे कापूस. एरंडोल गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती. पारोळ्याच्या थोडं पुढे गाडीचा जोर कमी होऊ लागला. नवरा पाय दाबत होता पण गाडी ओढत नव्हती. मग ती दोन-तीनदा खोकली आणि बंद पडली. त्याने कशीबशी कडेला घेतली. त्याच्या मानेवर घाम आला होता. हा माणूस घरात चिडतो, तिथे मात्र गप्प बसला होता. ते बघून माझा निश्चय आणखी पक्का झाला.

तो सवयीने खाली उतरून कामाला लागला. मी म्हटलं, थांबा. तुम्ही रोज काय काय करता, ते सांगा. तो करायचा ते असं: पंपावर ओलं गोणपाट टाकायचं, कारण उन्हाने पंप गरम होतो. हातपंप मारायचा. काठी घालून टाकीत डिझेल बघायचं, कारण केबिनमधला काटा कधीच मेलेला. देवाला हात जोडायचे. आणि सेल्फ मारायचा. गाडी चालू व्हायची. श्रेय गोणपाटाला.

"आज आधी फक्त गोणपाट," मी म्हटलं.

गोणपाट टाकलं. वाट बघितली. सेल्फ मारला. काही नाही. पुन्हा वाट बघितली, पुन्हा काही नाही. त्याचा चेहरा पडला, कारण गोणपाटावर त्याची श्रद्धा होती.

"आता हातपंप."

हातपंपाची मूठ त्याने दाबली तर ती वर येईना. कुणीतरी खालून धरून ठेवल्यासारखी. सेल्फ मारला तर इंजिन पेटलं आणि लगेच विझलं.

"आता काठी."

त्याने टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स असा आवाज झाला, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. त्याने काठी घातली, डिझेल भरपूर होतं. झाकण लावलं, हातपंप मारला, आता तो सरळ चालत होता. सेल्फ मारला आणि गाडी उभी राहून गुरगुरू लागली.

"तो आवाज कसला?" मी विचारलं.

"गरम डिझेलना गॅस शे तो. रोजनाच आवाज शे."

वाटभर तो आवाज माझ्या डोक्यात होता. गॅस बाहेर येतो म्हणे. बाहेर येतो हे कुणी बघितलं होतं?

धुळ्याच्या अलीकडे गाडी पुन्हा दमली आणि बंद पडली. या वेळी मी त्याला हातपंपाला हातही लावू दिला नाही. मी खाली उतरून टाकीपाशी गेले. पदरावरचा कापसाचा एक पुंजका काढला आणि झाकणाच्या कडेला धरला. म्हटलं, अगदी हळू सैल करा. त्याने झाकण थोडं फिरवलं. फुस्स झालं, आणि माझ्या बोटांतला कापूस उडाला नाही. तो आत ओढला गेला. झाकणाच्या फटीत जाऊन घट्ट चिकटला.

आम्ही दोघं त्या कापसाकडे बघत राहिलो. टाकी हवा सोडत नव्हती. ती हवा मागत होती. इंजिन डिझेल ओढून घेतं, तेवढी हवा टाकीत वरून यायला हवी. आली नाही तर टाकी आतून आवळत जाते आणि एक वेळ अशी येते की डिझेल तिच्यातून निघतच नाही. टाकी भरलेली असली की आत हवा मुळातच थोडी, म्हणून ती वेळ लवकर येते. म्हणजे गाडी आजवर चालू होत होती ती काठीमुळे. डिझेल आहे का ते बघण्यासाठी झाकण उघडलं जायचं आणि त्यातच तिचं औषध होऊन जायचं. झाकण लावलं की दुखणं परत सुरू.

दुसरं काहीही न करता त्याने सेल्फ मारला. गाडी चालू झाली.

मग आम्ही झाकण उलटं करून बघितलं. मधोमध हवेसाठी एक बारीक भोक असतं, तेही नवऱ्याला माहीत होतं. पण आतल्या बाजूला रबराची एक चकती बसवलेली होती, जुन्या ट्यूबमधून कापलेली. कडा इतकी गोल, इतकी सफाईदार की ती कंपनीतूनच आली असं कुणालाही वाटावं. मिस्त्रीनेही ती बघितली असणार. फक्त कंपनीतून येते ती कडी असते, मध्ये मोकळी. ही सबंध होती. भोक पूर्ण झाकलेलं.

इतकी सुबक चकती आमच्या घरात एकच माणूस कापतो. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे. दोघांनीही नाव घेतलं नाही. त्याने ब्लेडने चकतीचा मधला भाग कापून काढला, कडी परत बसवली आणि आम्ही धुळ्याला सरकी उतरवून वाटेत कुठेही न थांबता घरी आलो.

आबा ओट्यावर वाट बघत होते. मला वाटलं होतं, नवरा चिडेल. इतक्या महिन्यांचा त्रास, रस्त्यावर खाल्लेल्या शिव्या. त्याने आबांसमोर बसून सगळं शांतपणे सांगितलं. आबांना आधी कळलंच नाही.

"ती चकती त मी बसाडी," ते अभिमानाने म्हणाले. "रस्ता खोदी ऱ्हायंतात, धूळ मझार जाये म्हनीसन." हायवेचं काम चालू होतं, धुळीचे लोट उठत होते. झाकणाचं जुनं रबर झिजलं होतं. त्यांनी विचार केला, नुसती कडी कशाला, सबंधच बसवू, धुळीचा कणही आत जायला नको. गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. गाडी बंद पडू लागली तीही तेव्हापासूनच.

मग त्यांचं त्यांनाच उमगलं. "म्हंजे गाडी मीच बंद पाडी ऱ्हायंतू?"

नवरा म्हणाला, "आबा, तुम्ही धूळ थांबाडी. गाडीले दम लेता उना नही, इतलंच."

मला त्या क्षणी नवऱ्याचा फार अभिमान वाटला. आबा दोन दिवस गाडीपाशी गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच त्यांच्या हातात फडकं दिलं आणि म्हटलं, काच घाण आहे, मला नाही जमत. ते उठले.

त्यानंतर गाडी कुठेही अडली नाही. धुळे, जामनेर, पुन्हा धुळे. नवरा घरी येताना शिट्टी वाजवत यायचा. मी मनात म्हटलं, जिंकले. सुरतेचं नाव त्याने बरेच दिवस काढलं नाही.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा तो जेवता जेवता म्हणाला, "जामनेरना एक जन गाडी दखाले येवाव शे."

"बघायला म्हणजे?"

"इकत लेवाले. आते चालू गाडी शे, भंगारमा कशाले देवानी? चांगला भाव भेटी."

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. मी गाडी दुरुस्त केली होती ती त्याने थांबावं म्हणून. त्याने त्यातून काय घेतलं? आता गाडी चांगल्या भावात विकता येईल आणि बिनघोर सुरतेला जाता येईल. गाडी भंगारात द्यायची असती तर आबांकडे बघून तो कदाचित अडखळला तरी असता. मीच त्याची वाट साफ करून दिली होती. मला इतका संताप आला की मी भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातलं. तो निमूटपणे खाऊन उठला.

दुसऱ्या दिवशी गिरणीत बसले होते. पट्ट्याला लावायला ट्यूबचे तुकडे मी खिडकीत ठेवते. शेजारी कात्री. गाडी बाहेर उभी. एक सबंध चकती कापायला कितीसा वेळ लागतो? गिऱ्हाईक चक्कर मारायला नेईल, टाकी भरलेली असेल, गाडी खोकेल आणि रस्त्यात बसेल. नवऱ्याला कळेपर्यंत गिऱ्हाईक निघून गेलेलं असेल. मी कात्री उचललीसुद्धा. मग ठेवून दिली. जी गाडी नीट करायला मी पीठ चोपडत चासीखाली लोळले, तिला मीच मुद्दाम आजारी पाडू? आणि असा फसवून थांबवलेला नवरा घेऊन करायचं काय? ट्यूबचे तुकडे उचलून मी डब्यात टाकले आणि डब्याला झाकण लावलं.

गिऱ्हाईक सकाळी आलं. मोठ्या अंगाचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. त्याने गाडी फिरून बघितली, टायर बघितले, खाली वाकून बघितलं. नवऱ्याने सेल्फ मारला, गाडी लगेच चालू. दोघं चक्कर मारून लांबवर जाऊन आले. आबा ओट्यावर बसून होते. परत आल्यावर गाडी घरासमोर चालूच ठेवली होती. इंजिनाचा आवाज गल्लीभर घुमत होता. गिऱ्हाईक खाली उतरलं आणि ओरडून विचारू लागलं, "दादा, गाडी त एकदम चांगली हाये. मंग इकता काहून?"

नवरा केबिनमधून काहीतरी म्हणाला. सुरत हा एवढा शब्द माझ्या कानावर आला.

मी गिरणीच्या दारात उभी होते. मला वाटलं, आता हे दोघं भाव ठरवतील, हात मिळवतील आणि संपलं. मी पायऱ्या उतरून थेट गाडीपाशी गेले. "अहो," मी हाक मारली. त्याला ऐकू गेलं नाही. त्याने हात कानाला लावून खूण केली, काय? मी आणखी मोठ्याने बोलले. तरी नाही. गेल्या उन्हाळ्यापासून मी या माणसाला गाडी, गाडी आणि गाडीच सांगत आले होते आणि जे सांगायचं होतं ते एकदाही तोंडातून निघालं नव्हतं. मी टाचा उंचावल्या, छातीभर हवा घेतली आणि जिवाच्या आकांताने ओरडले. माझं बोलणं ऐकू यावं म्हणून त्याने नेमका त्याच क्षणी स्टॉपर ओढला, इंजिन बंद झालं, आणि माझा आवाज सबंध गल्लीत एकटाच उरला.

"मला गाडी नको! मला तुम्ही घरी पाहिजेत!"

गिऱ्हाइकाने मान खाली घातली आणि ते चपलेने माती सारखी करू लागलं. माझे कान तापले होते, पण मी मागे सरले नाही. आता बोलून गेलेच होते.

नवरा हळूच खाली उतरला. त्याचाही चेहरा लाल झाला होता. "माले वाटनं, तुले गाडीच ठेवनी शे," तो म्हणाला. "आबासाठी."

"गाडी मला कशाला? मला चालवता तरी येते का?"

"मंग हाई आधी सांगता उनं नही?"

"आता सांगितलं ना?"

त्याने हातातली चावी खिशात टाकली. मग गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाला, "भाऊ, तुम्हले फुकट चक्कर पडना. चहा ल्या. गाडी इकानी नही शे."

मी चहा टाकायला आत गेले, आणि साखर दोनदा पडणार नाही याकडे नीट लक्ष ठेवलं.